स्वतःचे पॅकेट काउंटर लिहायचे, तर मोजणीची जागा आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मॉनिटरिंग टूलमधले तयार आकडे पुरत नाहीत, म्हणून लिनक्स सर्व्हरवर प्रोटोकॉलनुसार आणि पोर्टनुसार पॅकेट व बाइट मोजणारे स्वतःचे काउंटर ईबीपीएफमध्ये (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) लिहिले. ते चालतात, पण तीन गोष्टी खटकतात. आकडे टीसीपीडम्पशी (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) जुळत नाहीत, स्विचशीही जुळत नाहीत, आणि ग्राफवर अधूनमधून लिंकच्या क्षमतेपेक्षाही उंच सुळका दिसतो. मग काउंटर लिहायचा कसा?

सुळक्याचं कारण बहुधा वजाबाकीत असतं, त्याकडे नंतर येतो. पहिल्या दोन तक्रारींत कोड बऱ्याचदा बरोबरच असतो. तीन ठिकाणी उभ्या असलेल्या तीन काउंटरांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात आणि आपण त्या एकच आहेत असं धरून चालतो.

त्याआधी एक विचारून घ्या, हा काउंटर लिहायची गरज आहे का? वर्ग दहा-वीस असतील, ते ठरलेले असतील आणि लिंक लहान पॅकेटांनी तुडुंब भरत नसेल, तर एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमधले नाव दिलेले काउंटर पुरतात. ते ६४ बिटांचे असतात, आतून प्रत्येक कोअरसाठी वेगळे ठेवलेले असतात आणि जेसनमध्ये वाचता येतात. माझा कल तिकडेच असतो, कारण सहा महिन्यांनी ते दुसऱ्या कुणालाही वाचून कळतात. फक्त कुणी हाताने रीसेटची आज्ञा देणार नाही, एवढं पाहायचं. कोणता पत्ता किती डेटा ओढतोय एवढंच हवं असेल, तर एसफ्लोसारखं सॅम्पलिंग, म्हणजे बऱ्याच पॅकेटांमागे एकाचा नमुना घेणं, जास्त शहाणपणाचं. त्यातल्या चुकीची मर्यादा साध्या सूत्रात बसते: एखाद्या वर्गाचे नमुने जितके, त्यांच्या वर्गमुळाने १९६ ला भागा, म्हणजे ९५ टक्के खात्रीने कमाल चूक टक्क्यांत मिळते. १०,००० नमुन्यांवर ती २ टक्क्यांच्या आत असते. बिलिंग करायचं नसेल तर याहून जास्त काय हवं?

हे दोन्ही पुरत नसेल तर लिहू या. आधी येणाऱ्या पॅकेटचा लिनक्समधला रस्ता डोळ्यांसमोर आणा. नेटवर्क कार्ड पॅकेट रिंगमध्ये (मेमरीतल्या रांगेत) ठेवतं. रिंग भरलेली असेल तर तिथेच टाकून देतं आणि स्वतःच्या काउंटरमध्ये ते ‘मिस्ड’ म्हणून नोंदवतं. मग ड्रायव्हर पॅकेट उचलतो आणि एक्सडीपी प्रोग्रामपुढे (ड्रायव्हरपाशीच चालणारा ईबीपीएफ प्रोग्राम) ठेवतो. एक्सडीपीने पुढे जाऊ दिलं तर कर्नल त्याच्यासाठी एसकेबी नावाची रचना उभी करतो. त्यानंतर जीआरओ एकाच टीसीपी कनेक्शनची लागोपाठ आलेली पॅकेट जोडून एक मोठं पॅकेट करतो. टीसीपीडम्पला जी प्रत मिळते ती या जोडणीनंतरची. पुढे टीसीचा (कर्नलचा ट्रॅफिक कंट्रोल) इन्ग्रेस, म्हणजे येणारी बाजू, मग नेटफिल्टर, म्हणजे फायरवॉलची जागा, आणि शेवटी सॉकेट.

आता पहिली तक्रार सुटते. जोडलेलं पॅकेट साधारण ६४ किलोबाइटपर्यंत वाढू शकतं आणि टाइमस्टॅम्प चालू असलेल्या टीसीपीत एका पॅकेटमध्ये १४४८ बाइट डेटा मावतो. म्हणजे एक्सडीपीतला काउंटर ४५ म्हणेल तिथे टीसीपीडम्प १ म्हणेल, आणि दोघंही खरं सांगत असतील. बाइटही जुळणार नाहीत. जोडताना पहिलं सोडून बाकीच्या पॅकेटांचे हेडर गळतात; प्रत्येकी ६६ बाइट धरले तर १५१४ मागे ६६, म्हणजे ४ टक्क्यांहून थोडं जास्त. टीसीच्या ठिकाणी मोजत असाल तर एसकेबीमध्ये किती तुकडे जोडले गेले तो आकडा मिळतो. पॅकेटांच्या संख्येत एकऐवजी तो मिळवा आणि गळालेले हेडर बाइटमध्ये परत घाला. तो आकडा शून्य असेल तर पॅकेट एकटंच आहे, तेव्हा एकच धरायचा. ही अट विसरली की यूडीपीची मोजणी शून्यावर येते.

याच रस्त्यातून आणखी एक निष्कर्ष निघतो. फायरवॉलने अडवलेलं येणारं पॅकेट टीसीपीडम्पला दिसतं, कारण नेटफिल्टर त्याच्यानंतर येतो. जाणाऱ्या दिशेला नेटफिल्टर आधी असतो, म्हणून अडवलेलं पॅकेट तिथे दिसत नाही. एक्सडीपी तर फक्त येणाऱ्या दिशेचं. जाणारं मोजायला टीसीचा इग्रेसच (जाणारी बाजू) वापरावा लागतो, आणि तिथे टीएसओमुळे (मोठं टीसीपी पॅकेट फोडण्याचं काम कार्डावर सोपवण्याची सोय) कार्डाने अजून न फोडलेली मोठी पॅकेट समोर येतात. त्यामुळे येणाऱ्या बाजूला एक्सडीपी आणि जाणाऱ्या बाजूला टीसी ठेवून पॅकेटांचे दोन आकडे एकाच ग्राफवर शेजारी काढले, तर ती तुलना पहिल्या दिवसापासूनच चुकलेली असते.

दुसरी तक्रार स्विचची. इथे बाइट म्हणजे नेमकं काय हे ठरवावं लागतं. एसएनएमपीच्या (नेटवर्क उपकरणांचे आकडे वाचण्याचा प्रोटोकॉल) इंटरफेस काउंटरच्या व्याख्येत फ्रेमिंगचे बाइटही धरले आहेत, म्हणजे शेवटची ४ बाइटांची एफसीएस (फ्रेम बिघडली का ते तपासणारा आकडा) आत आली. लिनक्समध्ये ती बहुतेक वेळा कार्डच काढून टाकतं, आणि एक्सडीपीला दिसणाऱ्या लांबीत ती नसते. मोठ्या पॅकेटांवर हा फरक जाणवतही नाही. ६० बाइटांच्या पॅकेटवर मात्र तो पावणेसात टक्क्यांच्या जवळ जातो. शिवाय तारेवर प्रत्येक फ्रेमच्या आधी ८ बाइटांचा प्रीअँबल आणि नंतर किमान १२ बाइटांइतकी मोकळी जागा असते, ती कुणाच्याच बाइट काउंटरमध्ये येत नाही. म्हणून सर्वांत लहान पॅकेट तारेवर ८४ बाइटांची जागा खातं आणि तुमच्या काउंटरमध्ये ६० लिहिलं जातं. १ गिगाबिटची लिंक अशा पॅकेटांनी पूर्ण भरली तर ग्राफ ७१४ मेगाबिट दाखवेल, आणि अजून जागा आहे असं समजून सगळे निवांत बसतील. उपाय सोपा आहे: पॅकेट आणि बाइट हे दोन्ही काउंटर नेहमी जोडीने ठेवा. लिंक किती भरली हे काढताना बाइटमध्ये दर पॅकेटमागे २४ मिळवले की झालं. फक्त बाइट ठेवणाऱ्या टूलला हा हिशोब कधीच करता येत नाही.

व्हीलॅनचंही (एकाच तारेवरची, टॅगने वेगळी केलेली नेटवर्कं) इथेच पाहून घ्या. बरीच कार्डं टॅग काढून बाजूला ठेवतात, त्यामुळे एक्सडीपीला पॅकेटमध्ये टॅग दिसतच नाही. व्हीलॅननुसार मोजायचं असेल आणि सगळी रहदारी ‘टॅग नसलेली’ या एकाच खान्यात पडत असेल, तर कोड तपासण्याआधी ईथटूल या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या टूलने ते ऑफलोड (कार्डावर सोपवलेलं काम) बंद करून पाहा.

आता काउंटरचा गाभा. १० गिगाबिटवर सर्वांत लहान पॅकेटं सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार येऊ शकतात. म्हणजे एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद, ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर जेमतेम २०० सायकल. एवढ्यात पार्सिंगही (हेडर उलगडणं) करायचं आणि मोजायचंही. सगळ्या कोअरनी मिळून एकच सामायिक आकडा अटॉमिक पद्धतीने (मधे दुसऱ्याला येऊ न देता) वाढवला, तर त्या आकड्याची कॅश लाइन एका कोअरकडून दुसऱ्याकडे सतत फिरत राहते आणि वेळेचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. म्हणून प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा ठेवणारा पर-सीपीयू अ‍ॅरे मॅप (ईबीपीएफ आणि बाहेरचा प्रोग्राम दोघांनाही वाचता येणारा तक्ता) घ्या. एक्सडीपीत साधं अधिक-बरोबर पुरतं, कारण एका कोअरवर एका वेळी हा प्रोग्राम एकदाच चालत असतो. तोच मॅप ट्रेसिंगच्या प्रोग्राममधूनही वाढवत असाल तर मात्र एकाने दुसऱ्याला मधेच थांबवण्याची शक्यता आली. तिथे अटॉमिक वापरा किंवा मॅपच वेगळा करा. मी मॅप वेगळा करतो.

मॅपमधली नोंद शोधण्याची किल्ली म्हणून शक्यतो लहान पूर्णांक असावा, हॅश नको. आयपी प्रोटोकॉलचे क्रमांक २५६ च आहेत, त्यांचा थेट अ‍ॅरे होतो. पोर्ट ६५,५३६ असले तरी लक्ष ठेवण्याजोगे पन्नाससुद्धा नसतात. पोर्टवरून वर्ग सांगणारा एक तक्ता यूजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या प्रोग्राममधून) भरा, म्हणजे काउंटर फक्त वर्गांचे राहतात. पॅकेटच्या आकारानुसार विभागणी हवी असेल तर स्वतःचे टप्पे शोधत बसू नका. आरएमओएन या नेटवर्क मोजणीच्या मानकाचे जुने टप्पे, म्हणजे ६४, ६५ ते १२७, १२८ ते २५५, २५६ ते ५११, ५१२ ते १०२३ आणि १०२४ ते १५१८, तसेच घ्या. ज्या स्विचवर आरएमओएन आहे त्याच्याशी ताडून पाहता येतं. हे टप्पे एफसीएस धरून आहेत, तेवढे ४ बाइट मिळवूनच खाना ठरवायचा.

पार्सिंगमध्ये व्हेरिफायर (ईबीपीएफ प्रोग्राम लोड होताना तपासणारा कर्नलचा भाग) तुम्हाला हद्दी तपासायला भाग पाडतोच, पण अर्थाच्या चुका त्याला कळत नाहीत. आयपीव्ही४ चा हेडर २० ते ६० बाइटांचा असतो. तो नेहमी २० च धरून पोर्ट वाचणारा कोड महिनोन्‌महिने बरोबर दिसतो. त्याहून छुपी चूक फ्रॅगमेंटची. पहिल्या तुकड्यानंतरच्या तुकड्यांत पोर्ट नसतोच, तिथे सरळ डेटा सुरू होतो. ऑफसेट न तपासता वाचलं की डेटाचेच बाइट पोर्ट समजले जातात आणि कधी न ऐकलेल्या पोर्टांवर रहदारी दिसू लागते. पोर्टनुसार मोजणीत असं भुताटकीचं काही दिसलं तर मी आधी तेच पाहतो. अशा तुकड्यांसाठी ‘फ्रॅगमेंट’ हा स्वतंत्र खाना ठेवा. आयपीव्ही६ मध्ये एक्स्टेन्शन हेडर साखळीने येतात. ठरावीक पायऱ्यांपर्यंतच चाला आणि त्यापुढचं ‘न उलगडलेलं’ म्हणून मोजा.

प्रत्येक पॅकेट कोणत्या ना कोणत्या खान्यात पडलंच पाहिजे. पार्स झालं नाही म्हणून न मोजताच पुढे पाठवणारी एकही वाट कोडमध्ये नको. प्रोग्रामच्या पहिल्याच ओळींत एकूण मोजा, मग वर्ग ठरवा. एकूण वजा सगळ्या खान्यांची बेरीज बरोबर शून्य, हे समीकरण मी मॉनिटरिंगमध्येच कायमचं टाकून ठेवतो. उद्या कुणी नवा वर्ग घालताना मधेच परत फिरण्याची वाट ठेवली, तर ते तिथे लगेच दिसतं.

पत्त्यानुसार मोजण्याचा मोह होईल, कारण हॅश मॅप तयारच असतो. दोन गणितं आधी करा. पर-सीपीयू हॅशमध्ये १ लाख नोंदी, प्रत्येकी १६ बाइट आणि ६४ कोअर म्हटलं की किल्ल्या सोडूनच १० कोटी बाइट गेले. दुसरं, खोट्या पत्त्यांचा हल्ला आला की मॅप काही क्षणांत भरतो आणि खरे पत्ते बाहेर राहतात, म्हणजे आकड्यांची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच. एलआरयू हॅश (भरला की बराच वेळ न वापरलेली नोंद काढणारा) घेतला तर भरण्याचा प्रश्न मिटतो, पण बाहेर फेकलेल्या नोंदीचा शेवटच्या वाचनानंतरचा हिशोब तिच्याबरोबर जातो. असा मॅप ‘सध्या कोण जोरात आहे’ एवढ्यासाठीच ठेवा, एकूण त्याच्यावरून काढू नका. आणि प्रोमिथियस या मॉनिटरिंग टूलमध्ये पत्ता हे लेबल म्हणून कधीही पाठवू नका. प्रत्येक नवा पत्ता म्हणजे एक नवी टाइम सिरीज, आणि मेमरी तिकडेच संपते.

वाचण्याची बाजू कोडमध्ये छोटी, पण घातक असू शकते. पर-सीपीयू मॅपमधली एक किल्ली वाचली की कर्नल एक आकडा देत नाही, ‘शक्य’ असलेल्या सगळ्या कोअरचे आकडे एकामागोमाग लिहितो, प्रत्येक ८ बाइटांच्या पटीत. शक्य कोअर आणि चालू कोअर यांत फरक असतो. व्हर्च्युअल मशीनवर चालू ४ आणि शक्य १२८ असंही दिसतं. बफर चालू कोअरइतका घेतला तर कर्नल त्याच्या पुढची मेमरी खुशाल लिहून टाकतो. लिबबीपीएफ या ईबीपीएफच्या लायब्ररीमध्ये शक्य कोअरची संख्या देणारं फंक्शन आहे, तेच वापरा. पॅकेट आणि बाइट एकाच किल्लीच्या रचनेत शेजारी ठेवा. वाचताना त्यांच्यात एखाद्या पॅकेटचा फरक पडू शकतो. त्याची काळजी करू नका, पुढच्या वाचनात तो भरून निघतो.

आता सुळका. नियम विजेच्या मीटरचा आहे: मीटर फक्त पुढे जातो, रीडिंग घेणारा आकडा टिपतो, वजाबाकी ऑफिसात होते. कर्नलमधला काउंटर कधी शून्य करायचा नाही आणि ‘सेकंदाला किती’ तिथे काढायचं नाही. वाचून झाल्यावर शून्य करणारी रचना सोपी वाटते, पण दोन वाचक आले की दोघांनाही अर्धाच हिशोब मिळतो. लिनक्सच्या पॅकेट सॉकेटची आकडेवारी नेमकी अशीच वागते: एकदा वाचली की शून्य होते. टीसीपीडम्पमागची लायब्ररी लिबपीकॅप आतल्या आत बेरीज ठेवते म्हणून ते जाणवत नाही; थेट सॉकेट वापरणाऱ्यांना जाणवतं. त्या आकडेवारीत ‘आलेली’ पॅकेटं सांगताना गळालेलीही धरलेली असतात, तेव्हा दोन्ही पुन्हा मिळवू नका.

एवढं पाळूनही सुळका येतो, त्याची माझ्या माहितीतली कारणं तीन. पहिलं, ३२ बिटांचा काउंटर. तो ४२९ कोटी ४९ लाखांच्या पुढे शून्यावर येतो. बाइटसाठी १ गिगाबिटवर त्याला ३४ सेकंद लागतात, १० गिगाबिटवर साडेतीन. पॅकेटसाठी १० गिगाबिटवर, लहान पॅकेटांचा मारा असेल तर, ५ मिनिटांच्या आतच. म्हणजे ५ मिनिटांनी वाचणाऱ्या टूलला फेरी कधी पूर्ण झाली ते कळणारही नाही. स्वतःच्या कोडमध्ये ६४ बिटांशिवाय दुसरं काही वापरू नका; १०० गिगाबिटवरही तो ४६ वर्षं पुरतो. स्विचकडून आकडे घेताना एसएनएमपीचे ६४ बिटांचे ‘एचसी’ काउंटर मागा, आणि त्यासाठी आवृत्ती १ सोडावी लागते, कारण तिच्यात ६४ बिटांचा काउंटर हा प्रकारच नाही.

दुसरं कारण रीसेट. प्रोग्राम पुन्हा लोड झाला, मॅप नवा बनला, आकडा शून्यावर. आकडे साठवून ग्राफ काढणाऱ्या आरआरडीटूलमध्ये ‘काउंटर’ प्रकार घेतला असेल तर तो याला फेरी पूर्ण झाली असं समजतो आणि ३२ किंवा ६४ बिटांची भर घालतो. तुमचा उंच सुळका तोच असण्याची शक्यता मोठी आहे. ‘डिराइव्ह’ प्रकार घ्या आणि किमान मर्यादा ० ठेवा. झॅबिक्स हे मॉनिटरिंग टूल प्रति सेकंद बदल काढताना कमी झालेला आकडा सोडून देतं, तिथे सुळक्याऐवजी खड्डा दिसेल. प्रोमिथियसचं रेट फंक्शन कमी झालेला आकडा म्हणजे रीसेट असं धरून शून्यापासून मोजतं. तरीही मॅप बीपीएफच्या फाइलसिस्टिममध्ये पिन करून ठेवा, म्हणजे एजंट रीस्टार्ट झाला तरी आकडे टिकतात. आणि काउंटर कधीपासून मोजतोय ती वेळ शेजारी पाठवा. एसएनएमपीतही खंड केव्हा पडला हे सांगणारं एक फील्ड याच कामासाठी आहे.

तिसरं कारण बेरजेचा क्रम, आणि सर्वांत जास्त वेळ हेच खातं. चार इंटरफेसचे काउंटर एक्सपोर्टरमध्येच (प्रोमिथियसला आकडे देणारा प्रोग्राम) मिळवून एक आकडा पाठवला आणि त्यातला एक इंटरफेस नाहीसा झाला, की बेरीज घटते. प्रोमिथियसला वाटतं रीसेट झाला, आणि उरलेल्या तिघांची आजवरची सगळी बेरीज तो एका टप्प्यात आलेली रहदारी म्हणून मांडतो. आधी प्रत्येकाचा रेट, मग बेरीज. उलट कधीच नाही. एकाच मॅपमधल्या कोअरांची बेरीज मात्र एजंटमध्ये करायला हरकत नाही, कारण ते सगळे एकत्रच जन्मतात आणि एकत्रच जातात.

करवतीच्या दातांसारखा ग्राफ दिसत असेल, एकदा शून्य आणि एकदा दुप्पट, तर तो रीसेट नव्हे. कार्ड किंवा स्विच आपले हार्डवेअर काउंटर काही सेकंदांनीच सॉफ्टवेअरपर्यंत आणतो आणि तुम्ही त्याहून घाईने वाचताय. वाचण्याचं अंतर वाढवा.

प्रोमिथियस आकडे फ्लोटमध्ये ठेवतं, म्हणजे २ च्या ५३ व्या घातापुढे, १०० गिगाबिटवर आठेक दिवसांनी, एकेक बाइट नेमका राहत नाही, अशी हरकत कधीकधी ऐकू येते. खरी आहे, पण रेट काढताना त्या एक-दोन बाइटांनी काही बिघडत नाही. मीटरसारखं बिल करायचं असेल तरच वेगळा साठा ठेवा.

तपासणीसाठी खऱ्या रहदारीकडे जाऊ नका. दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवरची वेगळी नेटवर्कं), मध्ये व्हेथची जोडी (त्यांना जोडणारी आभासी तार), जीआरओ आणि टीएसओ बंद. दोन्ही बाजूंना आयपीव्ही६ बंद करा, नाहीतर शेजारी शोधणारी त्याची पॅकेटं मोजणीत मिसळतात. एआरपीची नोंद (कोणत्या आयपीचा हार्डवेअर पत्ता कोणता) हाताने भरा. मग ठरावीक संख्येची, ठरावीक आकाराची यूडीपी पॅकेटं सोडा. इथे ‘जवळपास बरोबर’ चालत नाही, १०,००० म्हणजे १०,०००. त्यानंतर तुकड्यांची पॅकेटं, ऑप्शन असलेला आयपीव्ही४ हेडर, दुहेरी व्हीलॅन टॅग आणि मुद्दाम अर्धवट कापलेली फ्रेम यांची छोटी पीकॅप फाइल (साठवलेली पॅकेटं) टीसीपीरीप्ले या टूलने सोडून कोणतं पॅकेट कोणत्या खान्यात पडलं ते पाहा. दुसऱ्या फेरीत जीआरओ चालू करून आकडे कुठे बदलतात ते टिपून ठेवा. पुढे कुणी टीसीपीडम्प घेऊन वाद घालायला आलं की तेच कागद कामी येतात.

प्रत्यक्ष सर्व्हरवर गेल्यावर तुमच्या काउंटरशेजारी कार्डाचे मिस्ड आणि कर्नलच्या सॉफ्टनेटच्या आकड्यांतला दुसरा स्तंभ (कर्नलने गाळलेली पॅकेटं) हे दोन्ही ग्राफ ठेवा. सॉफ्टनेटचे आकडे षोडशमान पद्धतीत असतात, थेट दशमान म्हणून वाचू नका. आणि एक्सडीपीने टाकून दिलेली पॅकेटं इंटरफेसच्या ‘आलेली’ या आकड्यात धरायची की नाही, हे प्रत्येक ड्रायव्हर आपल्या परीने ठरवतो. तुमच्या कार्डाचं उत्तर एकदा प्रयोगाने काढा, ते काउंटरच्या वर्णनातच लिहा, आणि कार्ड किंवा कर्नल बदलला की तो प्रयोग पुन्हा करा.